दोन दशांश

"नीट कस बे अपेक्षा, नाही तं श्वेता होऊन जाईन!"

वर्कशॉपच्या कोपऱ्यात फर्स्ट इयरची पोरं फिदीफिदी हसली. नव्या रोबोच्या सांगाड्यावर वाकलेली अपेक्षाही हसली आणि तिने पाना आणखी अर्धा वळसा ओढला.

पलीकडच्या टेबलावर लहानू, कॉलेजच्या लेथवर भाग कापून देणारा टर्नर, गेल्या वर्षीचा रोबो उकलत होता. दरवर्षी हे काम त्याचंच. जुन्या सीझनचा रोबो मोडायचा, मोटारी काढून पुसायच्या आणि नव्या पोरांच्या हवाली करायच्या. त्याचा हात थांबला.

"श्वेता होणं म्हणजे काय गा?"

"स्क्रू ढिला राह्यला का श्वेता झाली म्हणते काका. तिथं लिहिलं नाही का!" एकाने दाराकडे बोट दाखवलं.

दारावर सात कागद चिकटवलेले होते. कॉलेजच्या या रोबो-टीमची ही रीतच होती. स्पर्धेतून ज्या कारणाने बाहेर पडलो, ते कारण एका कागदावर लिहून दारावर लावायचं, आणि नव्या पोरांनी पहिल्या दिवशी ते सगळे कागद मोठ्याने वाचायचे. शेवटचा कागद गेल्या वर्षीचा. 'डावं चाक निखळलं. कपलिंगचा स्क्रू ढिला. जुळणी : श्वेता मेश्राम.'

लहानू पुन्हा रोबोकडे वळला. डाव्या चाकाचं कपलिंग, म्हणजे मोटरच्या दांड्याला चाक जोडणारी लोखंडी नळी, अजून दांड्यावरच होती. निखळल्यावर पोरांनी ती पुन्हा तशीच बसवून रोबो खोक्यात घातला होता. एरवी स्क्रू काढून नळी ओढायची, तर लाकडी हातोडीने दोन टोले द्यावे लागतात. लहानूने स्क्रू काढला आणि नुसती नळी धरली. ती आपोआप हातात आली.

त्याने ती पुन्हा दांड्यावर घातली आणि हलवली. खुडखुड वाजली.

दांडा बारा मिलिमीटरचा. त्याने नवा डिजिटल कॅलिपर उचलून नळीचं भोक मोजलं. १२.२०. जबडे पुसून पुन्हा मोजलं. १२.२०.

मग त्याने जबडे मिटले. ०.००.

लहानू स्टुलावर बसला.

सव्वीस वर्षं त्याने एकाच व्हर्नियरने, हाताने सरकवायच्या जुन्या मोजपट्टीने, मोजलं होतं. त्या व्हर्नियरचे जबडे मिटले तरी माप शून्यावर येत नसे, पॉइंट दोनवर थांबे. ओळखीसाठी त्याला लाल दोरा बांधलेला होता. बारा हवं असेल तर व्हर्नियर बारा पॉइंट दोन दाखवेपर्यंत कापायचं, हे लहानूला आठवावं लागत नसे. ते हातातच मुरलं होतं. मागच्या जानेवारीत कॉलेजने नवा कॅलिपर आणला, जुना कपाटात गेला. हात मात्र तोच राहिला, आणि ही नळी लहानूने त्यानंतरच कापली होती.

मोटारी उशिरा आल्या होत्या, म्हणून जुळणी थेट पुण्यात, स्पर्धेच्या ठिकाणीच झाली. मॅचच्या आदल्या दिवशी श्वेताचा फोन आला होता.

"काका, डावं कपलिंग ढिलं वाटून राह्यलं मले."

"माह्या हातचं बारा म्हणजे बारा. तू स्क्रू कस नीट."

तिने कसला असणार. मापात दोन दशांशांची फट असली, की स्क्रू कितीही कसा, धक्क्याधक्क्याने तो सुटतोच. दुसऱ्या मॅचमध्ये चाक घरंगळत कठड्यापर्यंत गेलं आणि रोबो एका जागी गोल गोल फिरत राहिला.

कॅप्टन अश्विन आला तेव्हा लहानूने त्याला सगळं सांगितलं. अश्विनने नळी दोनदा उलटीपालटी करून पाहिली.

"आता काय करता काका? जुनं झालं ना ते."

"पोरीचं नाव आहे दारावर. यंदा कॅप्टन तेच होणार होती."

"तुम्ही बोलले तं सर विचारतील. एक तं ते म्हणूनच राह्यले, का लेथचं टर्निंग बाहेरून करून घेऊ. जूनमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं आहे." अश्विनने आवाज खाली आणला. "अन् टीमची यादी शनिवारी जाते. एक जागा आहे. येत असन तं येऊ द्या तिले."

श्वेता आता शेवटच्या वर्षाला होती, पण वर्कशॉपसमोरून कधी जात नसे. चार वाजता ती बर्डीच्या बाजारात बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाते, एवढं कळलं. लहानू डब्याच्या पिशवीत मोटर आणि नळी घालून मेट्रोने तिथे पोहोचला. क्लासच्या जिन्याखाली चार्जर आणि कव्हरवाल्यांची ओरड चालली होती. श्वेता आली ती त्याला पाहून थबकली.

"काका? इथं काहून?"

त्याने पिशवी पुढे केली. तिने मोटर बाहेर काढली, नळी दांड्यावर घातली आणि बोटांनी हलवली. एवढ्या गोंगाटात आवाज येणं शक्य नव्हतं, तरी तिने ती कानाजवळ नेली.

"किती आहे?"

"बारा पॉइंट दोन. जुन्या व्हर्नियरच्या सवयीनं कापलं मी."

श्वेताने नळी दांड्यावरून काढून मुठीत घेतली.

"मी विचारलं होतं न तुम्हाले."

"हो."

"तुम्ही म्हटलं, बारा म्हणजे बारा. मले वाटलं, आपल्यालेच कसता नाही येत असन. आता मी घरचं कुलूप तीनदा ओढून पाहते. आई हसते."

"यादी शनिवारी जाते वं. एक जागा आहे. अश्विनले सांगितलं मी."

"ते अजून म्हणते का, श्वेता झाली म्हणून?"

"म्हणते."

"क्लास सुरू होऊन राह्यला," ती म्हणाली. मोटर तिने जपून पिशवीत ठेवली आणि जिना चढून गेली. अर्ध्या जिन्यावरून परत खाली आली. नळी तिच्या मुठीतच राहिली होती.

"हे घ्या. तुमचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडल्याबरोबर लहानूने मार्करने शेवटच्या कागदावर लिहिलं. 'स्क्रू घट्ट होता. भोक १२.२ झालं. चूक माझी. लहानू बोरकर, टर्नर.' अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. पोरांनी वाचलं. अपेक्षाने तर मोठ्याने वाचलं. दुपारी सरांनीही वाचलं.

शनिवारी यादी गेली. रिकाम्या जागी सेकंड इयरच्या एका मुलाचं नाव होतं. यंदाची कपलिंग्ज हिंगण्याच्या कारखान्यात टर्निंगसाठी पाठवायचं ठरलं. लहानूने लेथला तेल दिलं, लोखंडाचा बुरादा झाडला आणि कापड घातलं.

सोमवारी नव्या सांगाड्याला चाकं चढत होती. लहानू स्टुलावर कॅलिपर पुसत बसला होता.

"अपेक्षा, पाहून घे बे. श्वेता होऊन जाईन."

अपेक्षाने दाराकडे एकदा पाहिलं. मग पाना उचलून अर्धा वळसा ओढला.

लहानूने जबडे मिटले. ०.००. उघडले, पुसले, पुन्हा मिटले. ०.००.