तव्यावरचा भात

नंदाबाईचं एकच गाऱ्हाणं होतं: सून सगळं ऐकून घेते, पण करते स्वतःच्याच मनाचं.

"हो म्हणती, मान हालवती, अन् मंग करायचं तेच करती," चुलत जाऊ झुंबरबाईच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती बोलत होती. "सकाळी सांगून ठेवलं, आमटी टाक, भाकरी टाक, झालं. दुपारी पाहते तं पिशवीत काय? पत्ताकोबी, कांद्याची पात, अन् दुकानातून त्या काळ्या सॉसची पुडी. म्हणलं हे कशाला? तं म्हणती, आकांक्षाला फ्राईड राईस करते. म्हणलं, बाई, नवऱ्याचं वर्ष व्हायचंय अजून. दुखवट्याच्या घरात असली थेरं करतेत का?"

"मंग? काय म्हणली?" झुंबरबाईनं विचारलं. तिचे हात थांबले होते. झुंबरबाईचे हात थांबले की समजायचं, कान कामाला लागले.

"काय म्हणती! मुंडी खाली. त्या मुंडीत काय चालू राह्यलंय ते तिच्या आईला तरी ठावं हाये का?"

"आजकालच्या पोरी, आक्का…"

"आजकालच्या-बिजकालच्या काही न्हाई. माझ्या घरातली हाये ती. माझ्या घरातल्या बाईनं बराबर ऱ्हायचं."

केदारखेड्यात नंदाबाईच्या जिभेला भावकी वचकून होती. शाळा तिनं दुसरीपर्यंत पाहिली, तीही भावाला सोडायला गेली म्हणून. पण कुणाच्या लग्नात कुणाला आधी कुंकू लावायचं, कुणाच्या दहाव्याला कुणी काय न्यायचं, यात तिचा शब्द शेवटचा. आणि ती सांगायची ते स्वतः पाळायची, म्हणून लोक निमूट ऐकायचे.

कल्याण आषाढात गेला. पेरणी झाली आणि पावसानं ओढ दिली, म्हणून तो विहिरीवर मोटार चालू करायला गेला होता. ओल्या हातानं स्टार्टरच्या पेटीला हात लावला आणि तिथंच राहिला. घरचा कर्ता, एकुलता एक लेक. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाबाईनं घरातली मोठी लोखंडी कढई राखेनं घासली, पुसली आणि वरच्या फळीवर पालथी घातली.

ही तिच्या सासरची रीत. कर्ता माणूस गेला की वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात कढई चढत नाही. पातेल्यात आमटीला, भाजीला फोडणी चालते, कारण मेलेल्याच्या मागं जिवंत माणसाला जेवावं लागतं. पण कढई हौसेची. भजी, पुरी, पापड, सगळं बंद. दिवाळीत गल्लीभर तळणाचे वास सुटले, तेव्हाही तिनं चुलीवर काही चढू दिलं नाही. भावकीनं फराळाचे डबे आणून ठेवले, ते तिनं झाकणासकट कोनाड्यात सरकवले. गावातली दुसरी घरं आता पहिला सण झाला की मोकळी होतात. झुंबरबाईनं तसं एकदा सुचवून पाहिलं. "त्यांचं माणूस तेवढंच व्हतं," नंदाबाई म्हणाली होती, आणि झुंबरबाईनं पुन्हा तो विषय काढला नव्हता.

मनातलं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. फळीवरची ती पालथी कढई दिसली की तिला आत कुठंतरी टेकायला जागा मिळायची. वाटायचं, घर अजून थांबलेलं आहे. कल्याण गेला खरा, पण पुरता गेला नाही. ज्या दिवशी कढई सरळ होईल, त्या दिवशी लोक दारात येऊन हळू आवाजात बोलायचं सोडतील. रानातल्या खोपीत मुक्काम हलवलेला तिचा म्हातारा, कारभारी, घरी परत झोपायला येईल आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी करील. आणि तिचा लेक भिंतीवरचा हार घातलेला फोटो होऊन जाईल, बाकीच्या फोटोंसारखा. म्हणून ती कढईकडं दिवसातून दहादा पाहायची.

नातीकडं, आकांक्षाकडं, पाहायची नाही असं नव्हे. पोरगी दुसरीत. बाप भोकरदनच्या बाजाराला गेला की येताना चायनीजच्या गाडीवरून प्लास्टिकच्या पन्नीत फ्राईड राईस बांधून आणायचा. पन्नी अजून गरम असायची. पोरगी दारातच ती गालाला लावायची आणि मग बाप-लेक एकाच ताटात जेवायचे. नंदाबाई ओरडायची, "गाडीवरचं खाऊ घालून लेकराचं पोट बिघडवतोस." कल्याण म्हणायचा, "माय, तू बी एक घास घे, मंग बोल." तिनं कधी घेतला नाही.

तो गेल्यापासून पोरगी संध्याकाळी ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवायची, बुडवलेला तसाच ठेवायची. शाळेच्या बाईंनी निरोप धाडला, लेकरू वर्गात पेंगतं. गणवेशाचा खांदा दंडावर उतरायला लागला. नंदाबाईला सगळं दिसत होतं. "भूक लागली की खाईल," ती म्हणायची, आणि स्वतःचीही अर्धी भाकर टोपल्यात परत ठेवायची.

वारा फिरला तसा झुंबरबाईनं नाक वर केलं.

"आक्का."

"काय?"

"लसणाचा वास येऊन राह्यलाय. कोबीचा बी." ती थोडं थांबली. "तुमच्याच घराकडून."

नंदाबाईनं हुंगलं. मोठ्या आचेवर कडकडलेलं तेल, त्यात लसूण, आणि त्या मेल्या काळ्या सॉसचा आंबट भपकारा. दिवेलागणीची वेळ. दाराशी चार बायका बसल्या होत्या, दोघींनी माना वळवल्या.

"कढई काढली वाटतं पोरीनं," झुंबरबाई म्हणाली. आवाज दुःखाचा, डोळे मात्र चांगलेच ताजे झालेले.

नंदाबाई उठली. मांडीवरच्या तुरी ओट्यावर सांडल्या, तिनं वळून पाहिलं नाही. गल्ली ओलांडेपर्यंत तिनं तोंडात शब्द जुळवून ठेवले. आज सुनेला माहेरची वाट दाखवायची. तिच्या भावाला फोन लावायचा, म्हणायचं, घेऊन जा तुमची बहीण, हिला नवऱ्याचा दुखवटा जड झालाय. पोरगी इथं राहील. पोरगी आमची. मागून झुंबरबाई चपला फटफटवत येत होती, तीही बरीच जल्दीनं.

दारातून आत शिरताच नंदाबाईची नजर फळीवर गेली.

कढई तिथंच होती. पालथी. बुडावर धूळ, धुळीवर एका पालीची रेघ. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

खाली फरशीवर गॅसची शेगडी मांडली होती. शेगडीवर भाकरीचा तवा, आणि तव्यावर भात. सून साधना उकिडवी बसून एका हातानं सांडशी अन् एका हातानं उलथनं धरून परतत होती. सपाट तव्याला काठ कुठला? उलथनं लागलं की भात ह्या कडेनं घरंगळायचा, कोबी त्या कडेनं. फरशीवर चहूकडं भाताची शितं, गाजराचे तुकडे, पातीच्या हिरव्या चकत्या. मूठभर भात टाकायचा, परतायचा, ताटात ओढायचा, पुन्हा मूठभर टाकायचा. असं कितीदा तरी झालं असावं, कारण साधनाच्या बोटांच्या पेरांवर तव्याच्या कडेचे लाल चट्टे उठले होते. समोर आकांक्षा मांडी घालून बसली होती. तव्यावरून ताटात आलेला घास ती फुंकर मारून खात होती आणि पुढच्या मुठीची वाट पाहत होती.

सासूला पाहून साधना उभी राहिली. उलथनं हातात तसंच.

"कढई न्हाई काढली, आत्याबाई," ती म्हणाली. "हात न्हाई लावला. तवाच हाये."

नंदाबाईच्या तोंडात जुळवलेले शब्द तोंडातच राहिले.

"पातेल्यात का न्हाई केला मंग?" तिनं विचारलं.

"काल केल्ता पातेल्यात. तुम्ही रानात गेल्त्या तवा. गिच्च गोळा झाला. ही म्हणली, ही खिचडी हाये, अन् ताट सारलं." साधनानं खाली पाहिलं. "सुटा होत न्हाई तो पातेल्यात. गाडीवाला लय मोठ्या कढईत करतो. म्हणून म्हणलं, तव्यावर पाहावं."

"तवा काय अन् कढई काय," दारातून झुंबरबाई बोलली. "तेल तापलं, वास सुटला. लोक वास मोजतेत, आक्का, भांडं न्हाई. भावकीत काय सांगायचं?"

नंदाबाई सावकाश वळली. "भावकीला सांगायला तू हायेसच की, झुंबर. तुझ्यापेक्षा चांगलं कोण सांगंल? पन आधी घरी जा. तुझ्या चुलीवर दूध व्हतं, उतू गेलं असंल."

"दूध न्हाई ठेवलं मी…"

"मंग जाऊन ठेव."

झुंबरबाई गेली. चपला आता हळू वाजत होत्या.

"आज्जी," आकांक्षा म्हणाली. या बायकांचं काय चाललंय यात तिला काही रस नव्हता. "आज्जी, इकडच्या बाजूनं परात धर ना. सगळा खाली पडून राह्यलाय. मम्मीला दोनच हात हायेत."

नंदाबाई उभीच होती. गुडघे दुखत होते, नाक फुललेलं होतं. या घरात तिला कुणी असं काम सांगितलेलं नव्हतं. मग तिनं पदर खोचला, भिंतीला टेकवलेली परात घेतली, शेगडीपाशी बसली आणि परातीची कड तव्याला भिडवून धरली.

"बस खाली," ती सुनेला म्हणाली. "उभ्यानं परतणार हायेस का? आच वाढव. बारीक आचेवर भात बसून जातो. अन् एवढा एकदम टाकू नको."

साधनानं आच वाढवली. भात टाकला. तवा चरचरला. घरंगळलेली शितं आता परातीत पडत होती आणि नंदाबाई ती परत तव्यावर ढकलत होती. कल्याण गेल्यापासून दोघी एका शेगडीशी अशा समोरासमोर कधी बसल्याच नव्हत्या. एक असली की दुसरी बाहेर असायची. सुनेच्या गळ्यातली मोकळी जागा नंदाबाईला इतक्या जवळून पहिल्यांदा दिसली. केवढीशी मान होती पोरीची.

आकांक्षानं ताट पुसून खाल्लं. मग बोटं चाटत म्हणाली, "पप्पा आणायचे तसा न्हाई लागत."

साधनाचं उलथनं तव्यावर थांबलं. भात खालून चिकटायला लागला. नंदाबाईनंच तिच्या हातातून उलथनं ओढून घेतलं आणि भात हालवला.

"त्यात काहीतरी दुसरं ऱ्हायचं," पोरगी विचार करत म्हणाली. तिला बहुतेक काय ते सापडलं नाही. तिनं ताट पुढं केलं. "पन अजून वाढ."

नंदाबाईनं वाढलं. उलथन्याला चिकटलेली शितंही तिनं ताटात झटकली. वर फळीवर कढई होती. एवढे महिने ती त्या कढईकडं पाहत बसली होती, राखण करत होती. कुणाची, ते आता तिला सांगता आलं नसतं. त्या पालथ्या लोखंडाखाली काही नव्हतं. कल्याणचं म्हणून जे काही मागं राहिलं होतं ते इथं फरशीवर, नाकाला सॉस लावून, दुसऱ्यांदा भात मागत होतं. आणि कल्याण कुठंच नव्हता. रानात नाही, विहिरीवर नाही, बाजारातून येणाऱ्या वाटेवर नाही. हे तिला आषाढात कळलं असं ती समजत होती. कळलं ते आत्ता.

ती रडली नाही. रडायला बसली असती तर पोरीचं जेवण राहिलं असतं.

"चुकलं माझं, आत्याबाई," साधना हळूच म्हणाली. "उद्यापासून न्हाई करणार. हिला समजावून सांगीन."

परातीतला मूठभर भात नंदाबाईनं तळहातावर घेतला आणि तोंडात टाकला. लेक म्हणत राहिला आणि तिनं कधी घेतला नाही, तो घास. बराच वेळ ती तो चावत राहिली. साधना गुन्हा कबूल केलेल्या माणसासारखी समोर बसून होती, भाजलेली बोटं मुठीत लपवून.

मग नंदाबाईनं घास गिळला, गॅस बंद केला आणि सुनेच्या डोळ्यात पाहून म्हणाली:

"मीठ जास्त पडलंय. लसूण करपलाय. अन् तू येडी हायेस, साधना, बिलकुल येडी. तव्यावर भात परततं का कोणी? बोटं भाजून घेतली, अर्धा भात फरशीला चारला, पन तोंड उघडून सासूला म्हणली न्हाईस की, आत्याबाई, लेकरू उपाशी हाये, काढा ती कढई. तिथं चुकलं तुझं, भातात न्हाई. उद्या सकाळी घासून घे तिला अन् चढव, मला विचारत बसू नको. कोणी बोललं तं सांग, म्हातारीनं काढली. लेक तिचा व्हता, दुखवटा तिनं धरला व्हता, तिनंच सोडला."