वरचे पाणी

आमच्या मिठागराची उघाडी माझ्या वडिलांच्या नाकावर चाले. पनवेलच्या बंदराखाली खाडी जिथे वळण घेते, तिथल्या बांधात, भरतीचे पाणी आत घ्यायला, ती बसवलेली होती. दोन दगडी खांब, त्यांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक रचलेल्या नऊ सागवानी फळ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी भरत आली की वडील गुडघाभर पाण्यात उतरत, ओंजळ भरून नाकाशी नेत, मग जिभेच्या टोकाला लावत आणि किती फळ्या काढायच्या ते ठरवीत. काढायच्या त्या नेहमी वरच्याच. तळचे पाणी गाळ घेऊन येते, वरचे निवळ असते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. त्या वरच्या पाण्यावर गावातल्या साऱ्या घरांचे मीठ पिके. उघाडी कोणी सांभाळायची हे गावाने एकदा ठरवले की त्या माणसाच्या नाकावर कोणी शंका घेत नसे. धर्मराजाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नाकावर गाव एकोणीस वर्षे विसंबून होते.

मी त्यांचा थोरला मुलगा. मॅट्रिक होऊन मुंबईत जहाजांच्या एका एजंटाच्या कचेरीत टंकलेखक म्हणून लागलो, त्या दिवसापासून त्यांनी मला ‘कमळ्या’ म्हणणे सोडले. ते पूर्ण नाव घेऊ लागले, ‘कमळाकर’, आणि ते घेताना त्यांचा आवाज किंचित खाली येई, जणू परक्या घरच्या भांड्याला हात लावीत आहेत. मला त्याचा संकोच वाटे. पण नको म्हणण्याचे धाडसही मला कधी झाले नाही. मला फारसे कशाचेच धाडस होत नसे.

१९५९ सालच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी मुंबई बंदरावर दाट धुके होते. आमच्या कचेरीकडे ज्याचे काम होते ते तेलवाहू जहाज बेटावरच्या तेलधक्क्याकडे निघाले असता एका मालवाहू जहाजाचे नाक त्याच्या कुशीत शिरले. माणसे वाचली. दोन टाक्या मात्र फाटल्या, आणि भट्ट्यांत जाळायचे काळे, काकवीसारखे दाट तेल समुद्रात गेले. त्याच दुपारी काही कागदांवर सह्या घेण्यासाठी मला होडीतून जहाजावर पाठवले होते. पाण्यावर लाटा उठत नव्हत्या. जाड, चकाकणारे असे काहीतरी नुसते श्वास घेतल्यासारखे वर-खाली होत होते. तो वास माझ्या सदऱ्यात दोन दिवस राहिला.

शुक्रवारी मुख्य कारकुनांनी मला दोन मसुदे दिले. एक विमेवाल्यांसाठी, त्यात किती तेल गेले ते लिहिलेले होते. दुसरा वर्तमानपत्रांसाठी, चारच ओळींचा: टक्कर किरकोळ असून तेल सांडलेले नाही. दोन्ही मी एकाच यंत्रावर, एकाच फितीने टंकलिखित केले. दुसऱ्या कागदावर एक अक्षर चुकले होते. ते मी हलक्या हाताने खोडून नीट बसवले. खोट्यातले अक्षरही वेडेवाकडे पडू नये, इतका मी नेटका होतो.

“तपासणीवाले साहेब येईपर्यंत हे बाहेर बोलायचं नाही,” मुख्य कारकून म्हणाले, आणि मग हसले. “तुला काय सांगायचं म्हणा. तू तसाही बोलत नाहीस.”

मीही हसलो.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन ठाण्याहून एस.टी.ने मी घरी आलो. त्या दिवशी अमावास्या होती. रविवारी मोठे उधाण येणार होते, आणि त्या वर्षी त्याला विशेष महत्त्व होते, कारण नव्या वाफ्यांना पहिले पाणी त्याच दिवशी द्यायचे होते. वाफ्याची जमीन बायका पायांनी तुडवून करतात. चिखल पसरायचा, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून ओळीने तुडवायचा, सुकू द्यायचा, पुन्हा तुडवायचा, की शेवटी ती जमीन तळहातासारखी घट्ट आणि गुळगुळीत होते आणि मिठाला मातीचा डाग लागत नाही. आठ दिवस ते काम चालले होते. संध्याकाळी बायका बांधावरून परतत होत्या, गुडघ्यापर्यंत करड्या पायांनी. त्यांत माझी आई सोनाबाई होती, आणि सर्वांत पुढे भीमाबाई, जिच्या तालावर सगळ्यांचे पाय पडत.

“साहेब आले,” भीमाबाई म्हणाली. “काय रं, मुंबयला तुला बोलायचा पगार देतात का न बोलायचा?”

बायका हसल्या. आई म्हणाली, “नको गो त्याला चिडवू. दमून आलाय.”

तिला काय ठाऊक, की थट्टेतला दुसरा पर्याय खरा होता.

त्या संध्याकाळी सांगता आले असते. जेवताना, बोंबलाच्या कालवणाचा घास हातात असताना, एक वाक्य पुरले असते. मी मनात वाऱ्याचा हिशेब मांडत बसलो. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो तेल बाहेर नेईल. बेट कुठे, आमची खाडी कुठे. शिवाय मला बोलू नको म्हटले होते. भित्र्या माणसाला कारणे कधी कमी पडत नाहीत, आणि शिकलेल्याला तर ती चांगल्या भाषेत सुचतात.

रविवारी दुपारी भरती चढत होती. सकाळचा वारा पडला होता आणि समुद्राकडचा नुकता सुटला होता. गाव बांधावर जमले होते. नव्या वाफ्यांकडे जाणारे आतले पाट मोकळे करून ठेवले होते. वडील पाण्यात उतरले, ओंजळ नाकाशी नेली आणि थांबले. पाणी सोडून दिले. पुन्हा ओंजळ भरली.

“काय झालं, काका?” फळ्या काढायला उभा असलेला आनंदा म्हणाला. तो माझ्या चुलत्याचा मुलगा, माझ्याच वयाचा, उघाडीचे काम हाताखाली शिकत होता. “सर्दी झाली का काय?”

 वडिलांनी भरलेली ओंजळ माझ्याकडे केली.

“कमळाकर, जरा वास घे.”

मी वाकलो. त्यांच्या हातांच्या भेगांत मीठ पांढरे झाले होते, आणि त्या भेगांवरच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून माझ्या सदऱ्याचा वास येत होता.

“तू जहाजांच्यात असतोस,” ते म्हणाले. “मना काय तरी हाय असं वाटतं. आज भरू, का थांबू? परवापरयंत उधाण पुरंल.”

थांबण्यात कोणाचेच नुकसान नव्हते. दोन दिवसांनी पाणी थोडे उतरले असते, इतकेच. पण ‘थांबा’ म्हणायचे तर का, ते सांगावे लागणार होते. आणि का ते सांगायचे तर गुरुवारपासून ठाऊक असून कालची रात्र मी गप्प जेवलो, हेही साऱ्या गावासमोर उघडे पडणार होते. भीमाबाई माझ्याकडे बघत होती. आई बघत होती. मला लाज वाटली, आणि ती एवढीशी लाज टाळण्यासाठी मी तिच्याहून कितीतरी मोठी लाज पत्करली.

“लाँचचं असेल, बाबा,” मी म्हणालो. “बंदराला लागते ना, तिचं.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग ओंजळ सोडली. ते पाणी त्यांनी जिभेला लावलेच नाही.

“काढ वरच्या तीन,” ते आनंदाला म्हणाले.

आधी निवळ पाणीच आले. मग त्यावर मोरपिसासारखे रंग फिरू लागले आणि पोरे ते पाहायला पुढे झाली. आणि मग भरतीच्या पाठीवरून, बांधाच्या कडेकडेने, गवत आणि वाळक्या काटक्या गुंडाळून घेतलेला एक काळा पट्टा आला. वरची वाट मोकळी होती, त्या वाटेने तो शांतपणे आत उतरला. वडिलांनी फळी खाचेत बसवायचा प्रयत्न केला. पाण्याचा रेटा होता आणि फळी हातांतून निसटत होती. आनंदा, म्हातारा दादू, सगळे धावले. मीही धावलो. तिन्ही फळ्या बसेपर्यंत पाट काळे झाले होते, आणि पाटांच्या टोकाला आठ दिवस तुडवलेली ती गुळगुळीत जमीन काळे पाणी आवडीने पीत होती.

 भीमाबाई वाफ्याच्या कडेला बसली, बोटाने जमीन उकरून पाहिली आणि बोट पदराला न पुसता तसेच धरून राहिली.

“जल्ला मेला तो वास,” ती शेवटी म्हणाली. “धर्मराज भावजी, तुमाला आला नाय?”

“नाय आला,” वडील म्हणाले. “म्हातारा झालो. नाक गेलं माझं.”

घरी आई राकेलात चिंधी बुडवून त्यांचे हात पुसत होती. मी समोर उभा होतो. बराच वेळ शब्द जुळवून मी म्हणालो, “बाबा, मला...”

“वास आला होता मना,” ते हाताकडे बघतच म्हणाले. “पयल्या ओंजळीला आला होता.”

“मग भरलंत का?”

“तुला इचारलं ना.”

त्यांनी दुसरा हात आईपुढे केला.  एकोणीस वर्षे ज्या नाकावर गाव विसंबले, ते त्यांनी माझ्या एका वाक्यासाठी बाजूला ठेवले होते. आणि मी ते वाक्य कशाचे बनवले होते हे ठाऊक नसतानाही, त्यातले खोटे मात्र त्यांना आता कळलेले होते. तरीही बांधावर त्यांनी दोष स्वतःच्या नाकाला दिला होता.

सोमवारी सकाळी पहिल्या एस.टी.ने मला परतायचे होते. मी गेलो नाही. गाव पुन्हा बांधावर बसले. उघाडीचे काम सोडणाऱ्याने सर्वांत वरची फळी गावापुढे ठेवायची, अशी आमच्याकडे रीत आहे. वडिलांनी ती खांद्यावरून आणली आणि दादूच्या पायांशी ठेवली. दादू गावातला सर्वांत वडील माणूस. फळीची एक कड काळी होती.

“आता आनंदा बघंल,” वडील म्हणाले. “त्याचं नाक नवं हाय.”

आनंदाने मान खाली घातली. त्याची थट्टा कालच संपली होती.

मी उभा राहिलो.  “वडिलांचा यात दोष नाही,” मी म्हणालो. “मला त्या अपघाताची माहिती होती. मी ती देणे आवश्यक होते.”

माझे ते शब्द कचेरीतल्या कागदासारखे नेटके बाहेर पडले. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“काय म्हंतो तो?” भीमाबाई म्हणाली. “कमळाकर, आमाला कळंल असं बोल.”

मग मी घरच्या बोलीत बोललो. शाळेत गेल्यापासून ती माझ्या तोंडातून चारचौघांत आली नव्हती.

“मना ठावं होतं. जहाजाचं तेल सांडलं, मी डोल्यांनी बघितलं. काय नाय सांडलं असं पेपराला लिहिलं ते पन मीच छापून दिलं. बाबांनी इचारलं तवा मी खोटं बोललो. त्यांना वास आला होता.”

खाडीत ओहोटी होती. चिखलात एक बगळा उभा होता, त्याची छाती काळी झाली होती, आणि तो ती पुन्हा पुन्हा चोचीने साफ करू पाहत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण आईकडे बघणे शक्य नव्हते.

“आठ दीस तुडवलं आमी,” भीमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “तुझ्या आईसनं पन. यक सबूद बोलला असतास.”

दादूने काठीने फळी वडिलांकडे सरकवली. “धर्मराज, उचल ही. नाक शाबूत हाय तुझं.”

 वडिलांनी फळी उचलली आणि माझ्या अंगावरून उघाडीकडे गेले. जाताना त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. ते थांबले नाहीत.

नोकरी मी पत्राने सोडली. ते पत्र मी हाताने लिहिले. पुढचे दोन आठवडे गावाने काळी जमीन खरवडून काढली, नवा चिखल टाकला, आणि बायकांच्या ओळीच्या शेवटी मीही तुडवायला उभा राहिलो. पुरुष हे काम करीत नाहीत.  माझे पाय तालावर पडेनात तेव्हा भीमाबाईने आपला ताल जरा संथ केला.

माघी पौर्णिमेच्या उधाणाला वडील पुन्हा पाण्यात उतरले. त्यांनी ओंजळ भरली, नाकाशी नेली, सोडली. पुन्हा भरली आणि या खेपेस जिभेला लावली. मी हातभर अंतरावर उभा होतो. पाण्याला कसला वास आहे, हे मला सांगता आले असते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते पाण्याकडे पाहत राहिले, लांबवर, जिथे खाडी वळून दिसेनाशी होते तिथपर्यंत.

मग ते वळले. मी फळ्यांच्या आड येत होतो.

“कमळ्या,” ते म्हणाले, “बाजूला हो जरा.”

मी बाजूला झालो. आनंदाने वरची फळी काढली.