टेकडीवरची राजधानी

नीलेशला हरायची सवय होती आणि त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. वरठीच्या पोलाद कारखान्यात तो क्रेन चालवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी भंडाऱ्यातल्या भाड्याच्या घरात लॅपटॉपवर साम्राज्य चालवायचा. क्रेन झकास चालायची, साम्राज्य बुडायचं. खेळ तसा समजायला सोपा. आधी एक गाव वसवायचं, मग शेती, बाजार, फौज, आणखी गावं. आपला डाव झाला की पुढच्याचा डाव, असं करत शेवटी ज्याचं राज्य सगळ्यांत मोठं तो जिंकला. हा नाद त्याला कारखान्यातल्या धम्मदीपनं लावला होता. धम्मदीप दर रविवारी यायचा, दोघं शेजारी बसून कॉम्प्युटरशी झुंजायचे, आणि नीलेश हरला की धम्मदीप त्याच्या पाठीवर थाप मारायचा. त्या थापेवर नीलेशचा अख्खा आठवडा निघायचा.

बिनसलं ते करुणा जिंकली तेव्हा. करुणा म्हणजे त्याची बायको. भाजी निवडता निवडता ती पडद्याकडे बघायची, मधूनच काहीबाही विचारायची, आणि नीलेश गुरुजींच्या थाटात समजावून सांगायचा. एक दिवस तो ड्यूटीवरून आला तर लॅपटॉप उघडा आणि पडद्यावर आतषबाजी चाललेली. इतक्या वर्षांत ही आतषबाजी त्यानं कधी पाहिलीच नव्हती. ही कशाची, हे त्याला बायकोला विचारावं लागलं. जिंकल्यावर होत असेल, असं सांगून ती कुकर लावायला आत गेली.

त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हिनं नक्की सोपी पातळी ठेवली असणार, म्हणून त्यानं हळूच तपासलं. पातळी त्याच्यापेक्षा अवघड निघाली. जेवताना तो भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, आणि ते मुळीच कमी नव्हतं.

पुढच्या रविवारी धम्मदीपला हे कळलं आणि नीलेशची खुर्ची गेली. वहिनी, हे कसं केलं, वहिनी, इथं बाजार का नाही बांधला, असं धम्मदीप विचारतोय, करुणा पडद्यावर बोट ठेवून सांगतेय, आणि नीलेश स्वयंपाकघरात चहा करतोय. चहात तो साखर घालायला विसरला. दोघांनीही चहा संपवला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. सोमवारी कारखान्याच्या कँटीनमध्ये पोरं त्याला विचारायला लागली की वहिनींनी काल कोणतं राज्य घेतलं. नीलेश हसला, पण आतून त्याचा नुसता जळफळाट झाला. परका कोणी जिंकला असता तर त्यानं त्याला गुरू केलं असतं. ही तर आपल्याच ताटात जेवणारी, आपणच शिकवलेली! त्यानं ठरवून टाकलं, एकदा, फक्त एकदा हिला हरवायचं, आणि तेही धम्मदीपच्या डोळ्यांदेखत.

मग रविवारी तिघांचा सामना ठरला. लॅपटॉप एकच, ज्याचा डाव त्यानं पुढ्यात ओढायचा. नीलेशचा रंग पिवळा, करुणाचा जांभळा, धम्मदीपचा पांढरा. आणि नशीब असं की नीलेशची माणसं उतरली ती थेट एका मोठ्या नदीच्या वळणावर. काळी जमीन, बाजूला जंगल. धम्मदीप म्हणाला, गाव बसव इथंच.

नीलेशनं बसवलं नाही. नदीकाठी गाव भरभर वाढतं, हे या खेळातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि नीलेशला ते पाठ होतं. पण तो मूळचा नदीकाठच्याच कारधा गावचा. वैनगंगेला पूर आला तेव्हा त्याचं घर छपरापर्यंत बुडालं होतं, आणि शेजाऱ्याच्या गच्चीवरून त्यानं आपलं कपाट, आपली गादी वाहत जाताना पाहिली होती. घर अजून उभं होतं, कुलूप लावलेलं. करुणा जाऊन गाळ काढून आली होती, भिंतींना चुना लावून आली होती. परत राहायला जाऊ, म्हणायची. नीलेश म्हणायचा, इथून वरठी जवळ पडते. पडद्यावरची नदी दिसली तरी त्याचं बोट मागे यायचं, आणि त्याला तो रणनीती म्हणायचा. उंचावर शत्रू चढत नाही, वगैरे.

म्हणून त्याची माणसं डावामागून डाव चालत राहिली आणि एका बोडक्या टेकडीवर जाऊन त्यानं राजधानी वसवली. ती नदी मग करुणाच्या माणसांना सापडली. तिनं नेमकं त्याच वळणावर गाव वसवलं.

व्हायचं तेच झालं. टेकडीवर धान पिकेना, प्रजा अर्धपोटी राहायला लागली. करुणानं आपण होऊन नदीकाठच्या गावातून त्याच्या राजधानीला धान पाठवण्याचा करार पुढे केला. बदल्यात काहीच मागितलं नाही. नीलेशनं दात आवळून होकाराचं बटण दाबलं. बायकोनं वाढलेलं तो रोजच जेवत होता, पण हा घास त्याला टोचला.

आणि मग खेळात पूर आला. नदी फुगली, करुणाच्या गावाची तटबंदी पडली, फौज वाहून गेली. नीलेश मोठ्यानं हसला. असा तो कधी हसत नसे, धम्मदीपनं वळून पाहिलं.

"सांगत होतो ना," नीलेश म्हणाला. "नदीचा काय भरोसा? ज्यानं पूर पाह्यला त्यालेच समजते."

"मी कुठं होती तवा?" करुणा म्हणाली. "तुमच्याच बाजूले बसली होती ना गच्चीवर."

धम्मदीप आपल्या रिकाम्या कपात बघत बसला. नीलेशनं पडद्याकडे तोंड वळवलं. पडद्यावर पाणी ओसरलं होतं आणि गाळ बसलेली करुणाची शेतं आधीपेक्षा दुप्पट हिरवी झाली होती. म्हणजे हिला पूरही लाभला. त्यानं सगळी फौज टेकडीवरून खाली उतरवली. पडक्या तटबंदीतून आत शिरायला वेळ लागला नाही. गाव पडलं.

पडद्यावर प्रश्न आला, जिंकलेलं गाव ठेवायचं की जाळून टाकायचं?

"ठेव बे," धम्मदीप म्हणाला. "धान, बाजार, सारं तुयंच. जिंकलास तू." आणि त्याचा हात नीलेशच्या पाठीवर पडला.

हेच तर त्याला हवं होतं. पण गावाला वळसा घालून ती नदी वाहत होती, आणि आता ती त्याची होणार होती. पुढचा पूर त्याच्या दारात येणार होता. शिवाय शेतं करुणाची, बाजार करुणाचा. उद्या कँटीनमध्ये म्हणतील, वहिनींच्या गावावर जिंकला. त्यानं जाळून टाकलं.

धम्मदीपचा हात पाठीवरून निघाला.

"काहून जाळलं?" करुणानं विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती खरोखरच विचारत होती. "ठेवलं असतं तर तुमचंच होतं."

मग तिनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. दूरच्या दुसऱ्या गावातून तिनं माणसं बोलावली, नदीच्या त्याच वळणावर, त्याच राखेवर आणली आणि पुन्हा गाव वसवलं. क्षणभरही घुटमळली नाही. हे तिला कसं जमतं, हे नीलेशला समजेना. आपल्याला तिच्या जिंकण्याचा हेवा वाटत होता, असं तो इतके दिवस समजत होता. खरा हेवा होता तो तिच्या या न भिण्याचा.

त्याचा डाव आला तेव्हा राजधानीवर लाल खूण होती. धान थांबलं होतं. ते त्यानंच जाळलेल्या गावातून येत होतं, हे आत्ता कुठं त्याच्या डोक्यात शिरलं.

"नव्या गावात थोडंसं धान हाये," करुणा म्हणाली. "पाठवू काय?"

"नको," नीलेश म्हणाला, आणि त्यानं आपला डाव संपवून लॅपटॉप पुढे सरकवला.

उपाशी प्रजेनं राजा बदलल्याची बारीक अक्षरातली सूचना आली, आणि टेकडीवरची पिवळी राजधानी जांभळी झाली. करुणानं आपल्या डावात सगळ्यांत आधी तिथं धान पाठवलं.