झिरपणारा व्हॉल्व

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनातला व्हॉल्व आहे. लांब दांडा आणि वर चपटं डोकं, असं माझं रूप. जळका धूर बाहेर सोडायचा आणि लगेच दार घट्ट लावून घ्यायचं, हेच माझं काम.

बरीच वर्षं मी ते चोख केलं. चढ चढून आलं की गाडीचे मालक, काका, बॉनेटवर थाप मारत. "गाडी आहे की घोडा," म्हणत. मग माझी कड जळू लागली, दार नीट लागेना आणि इंजिन फटफटू लागलं. "एकदा दाखवून घ्या हो," त्यांची बायको, काकू, म्हणाल्या. "चालतंय तोवर चालू दे," काका म्हणाले. स्वतःच्या सुजलेल्या पायांबद्दलही ते हेच म्हणत राहिले.

शेवटी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. दूरच्या रुग्णालयात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. एक खेप चुकली होती. दुसरी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि नेमकी तेव्हाच गाडी बंद पडली. मेकॅनिक गावाला गेलेला, दुसरं वाहन मिळेना. मग मेकॅनिकचं काम कितीदा पाहिलेल्या काकूंनीच इंजिनाचं हेड, म्हणजे मी बसतो तो वरचा भाग, उतरवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटं ठेवलं. माझ्या डोक्यावरच्या खळग्यात रॉकेल ओतलं. व्हॉल्व घट्ट बसला असेल तर ते खाली उतरत नाही. मी जीव तोडून दाबून बसलो. तरी धुराच्या वाटेत ओल आलीच.

"गळतंय," काकू म्हणाल्या.

"राहू दे मग. दमलीस तू." खुर्चीतल्या काकांना बोलतानाही धाप लागत होती.

"तुम्ही गप्प बसा."

त्यांनी स्प्रिंग काढली, खरखरीत पेस्ट लावून मला माझ्या बैठकीवर, मी टेकतो त्या कड्यावर, घासलं. पुन्हा रॉकेल. पुन्हा ओल. परत घासलं, परत तेच. काकूंनी टेबलाच्या कडेला कपाळ टेकलं. त्यांचे खांदे हलत होते.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "सरक. घासतो मी, रॉकेल तू ओत."

दम खात, थांबत ते मला फिरवत राहिले. माझं उरलंसुरलं अंग झिजत होतं, पण हात थांबू नयेत असं वाटत होतं.

या वेळी रॉकेल हललं नाही. दोघं बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"बसला," काकू हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हेड परत बसवून काकू गाडी चालवत होत्या आणि काका मागच्या सीटवर आडवे पडले होते. प्रत्येक चढाला मी बैठक घट्ट धरत होतो. पोचलो.

मित्रांनो, माझी कड आता कागदाएवढी पातळ उरली आहे. अजून किती खेपा निभावतील, सांगवत नाही. तुमच्या घरातलं यंत्र किंवा माणूस कुरकुरू लागलं, तर तेव्हाच थांबून ऐका. काका अजून रुग्णालयात, यंत्रावर आहेत. मला त्यांना घरी न्यायचं आहे.