मागे घेण्याची कळ

आर्विड निएमीचं एक वाक्य डुलूथच्या विद्यापीठात, संगणक केंद्रातल्या सगळ्यांना पाठ होतं. "ज्याला दोनदा मागं जावं लागतं, त्यानं आधी एकदा विचार करावा." मजकूर लिहायचा एडिटर त्यानं स्वतः तयार केला होता. प्राध्यापकांपासून टंकलेखिकांपर्यंत सगळे त्यावरच लिहीत. त्यात चूक मागे घ्यायची एक कळ होती आणि ती फक्त शेवटची एक चूक मागे घ्यायची. त्याच्या आधीची चूक ज्याची त्यानं निस्तरायची.

व्हर्ना लिंडाल त्याच्या हाताखाली सहा वर्षं होती. दुसऱ्याच वर्षी तिनं वीस पानी टिपण लिहून त्याला दिलं. केलेला प्रत्येक बदल ओळीनं साठवून ठेवला, तर माणसाला हवं तितकं मागं जाता येईल, असं तिचं म्हणणं होतं. आर्विडनं ते वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि एक शब्द न बोलता तिच्या टेबलावर परत ठेवलं. पुढे महिनाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. त्याला ते जाणवलंही नसावं.

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत अंगणातला बर्फ उपसताना आर्विड कोसळला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसेनासं झालं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शब्द गेले. समोरचा काय बोलतो ते त्याला कळे. स्वतः बोलायला गेला की भलताच शब्द तोंडातून बाहेर पडे.

एप्रिलच्या शेवटी त्याच्या बायकोचा, लोइसचा, व्हर्नाला फोन आला.

"अगं, येऊन जाशील का जरा? तो दिवसभर त्या टर्मिनलसमोर बसतो. काय करतो, काही कळत नाही."

आर्विडच्या घरी टर्मिनल, म्हणजे फोनच्या तारेनं विद्यापीठाच्या यंत्राला जोडलेला पडदा आणि कळफलक, कित्येक वर्षांपासून होतं. व्हर्ना गेली तेव्हा तो स्वेटर घालून त्यापुढे बसला होता. तिला बघून चेहरा उजळला.

"चमचा," तो म्हणाला. लगेच मान हलवली. "नाही. चमचा नाही."

"कॉफी म्हणतोय," लोइस म्हणाली. "तुला कॉफी दे म्हणतोय. आणतेच आहे, आर्विड."

व्हर्ना शेजारी खुर्ची ओढून बसली. पोर्टलंडला असलेल्या मुलीला, कारिनला, तो पत्र लिहायला बघत होता. डाव्या हाताच्या एका बोटानं. बोलताना न सापडणारे शब्द टंकताना कधी कधी सापडत. पण फोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं येत. त्यानं वर एक ओळ घातली की खालचा सगळा पडदा पुन्हा नव्यानं लिहिला जाई. मिनिटभर नुसती अक्षरांची धावपळ. ती थांबेपर्यंत आपण कुठं होतो हे आर्विड विसरून जाई. आणि ओळ पडद्याच्या मध्यापलीकडे गेली की त्याच्या लेखी ती उरतच नसे.

व्हर्नानं तासभर हे पाहिलं, दोन लिंबाच्या वड्या खाल्ल्या आणि ती निघाली. काय करायचं ते तिला गाडी चालू करतानाच कळलं होतं.

पडद्याचं काम अवघड नव्हतं. समोर आत्ता काय दिसतंय त्याचं एक चित्र प्रोग्रामनं आपल्यापाशी ठेवायचं आणि काय दिसायला हवं त्याचं दुसरं. दोन ताटं शेजारी ठेवून काय वाढायचं राहिलं ते बघावं, तसं ताडून बघायचं आणि जिथं फरक असेल तेवढीच अक्षरं पाठवायची. ओळी नुसत्या वरखाली सरकवायच्या असतील, तर ते टर्मिनललाच करायला सांगायचं. शिवाय ओळ चाळीस अक्षरांपाशीच मोडायची, म्हणजे सगळा मजकूर डावीकडे राहील. दोन आठवड्यांत तिनं ते बसवलं. आर्विडनं एक ओळ घातली, खालच्या ओळी अलगद एक घर सरकल्या आणि पडदा शांत झाला. त्यानं तिच्या दंडावर दोनदा थोपटलं.

तेवढा धीर आल्यावर व्हर्ना म्हणाली, "आता मागे घ्यायच्या कळीचंही करू या? हवं तितकं मागं जाता येईल असं?"

"नाही," आर्विड म्हणाला. हा शब्द मात्र त्याला कधी चुकत नसे. "नाही. मंगळवार."

"मंगळवार म्हणजे?"

"त्याचं तेच खरं, असा अर्थ आहे त्याचा सध्या," लोइस आतून म्हणाली. "पूर्वी एवढंच म्हणायला अर्धा तास घ्यायचा. त्या मानानं बरंय."

आर्विड हसला. पण मान नकारार्थीच हलली. एडिटर त्याचा होता. व्हर्नानं पुढं ताणलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी लोइसचा पुन्हा फोन आला. पत्राच्या अकरा ओळी झाल्या होत्या. त्याला पाच दिवस लागले होते. चुकीची कळ दाबली गेली आणि सगळ्या ओळी पुसल्या गेल्या. घाबरून त्याचं बोट आणखी कुठंतरी पडलं आणि कोऱ्या पडद्यावर एक अक्षर उमटलं. मग त्यानं मागे घ्यायची कळ दाबली. तिनं इमानदारीत ते एक अक्षर तेवढं मागे घेतलं. अकरा ओळी गेल्या त्या गेल्याच.

व्हर्ना पोचली तेव्हा तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. बाहेर बंदरात खनिजाचं जहाज पुलाखालून चाललं होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला बघून तो उठला, काठी टेकत कपाटाशी गेला आणि खालच्या कप्प्यात डाव्या हातानं चाचपू लागला. एक पिवळं पाकीट काढून त्यानं तिच्या हातात दिलं.

आत तिच्या टिपणाची नक्कल होती. वीसच्या वीस पानं. समासात पेन्सिलीनं त्याच्या बारीक अक्षरात खुणा केलेल्या. हिशेब मांडलेले, बाण काढलेले, एके ठिकाणी तिची चूक पकडून बाजूला उपायही लिहिलेला. शेवटच्या पानावर होतं: "या यंत्रात एवढी जागा नाही. पण बाई बरोबर आहे."

तारीख चार वर्षांपूर्वीची.

"मला सांगायचं तरी," व्हर्ना म्हणाली. तिला राग आला होता.

आर्विडनं तोंड उघडलं, मिटलं. "पूल," तो म्हणाला. मग डोळे घट्ट मिटून, एकेक अक्षर ओढून काढावं तसं म्हणाला, "चूक. माझी."

विद्यापीठात नवं यंत्र येऊन वर्ष झालं होतं आणि त्यात जागा भरपूर होती. व्हर्नानं नऊ दिवस काम केलं. कुठं काय घातलं, कुठून काय काढलं, याची एकेक नोंद ठेवायची आणि मागे जाताना उलट्या क्रमानं फेडत यायचं; फेडलेलं परत आणायला पुढे जायची दुसरी कळ. ऐकायला सोपं, पण तिला एक भूत छळू लागलं. पुसलेल्या ओळी मागे आणल्या की कधी कधी सातवी ओळ दोनदा दिसे आणि आठवी गायब होई. फाइलमध्ये सगळं जागच्या जागी असे. खोटं बोलत होता तो पडदा. दोन दिवस ती नोंदींचा भाग उलथापालथा करत राहिली. शेवटी कंटाळून आर्विडच्या घरी गेली आणि त्याला ते दाखवलं.

त्यानं तिच्याकडून तीनदा पुसवून घेतलं, तीनदा मागे आणवलं. सातव्या ओळीवर बोट ठेवलं. मग कळफलक ओढून टंकलं: "चित्र जुनं."

व्हर्नानं कपाळावर हात मारला. ओळ पुसली की टर्मिनल स्वतःच खालच्या ओळी वर सरकवत होतं, पण प्रोग्रामनं जपलेल्या चित्रात त्या सरकतच नव्हत्या. मग ताडून बघताना त्याला वाटे, इथं तर सगळं बरोबर आहे, पाठवायचं काही नाही. दोष नोंदींचा नव्हताच. तिच्याच पहिल्या कामाचा होता.

"दोन दिवस घालवले मी यात," ती म्हणाली.

आर्विड खुर्चीत मागे रेलला. आजारपणानंतर पहिल्यांदाच तो तिला केंद्रातल्या आर्विडसारखा दिसला. थोडा आगाऊ, थोडा खूश.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्र पुरं झालं. चौदा ओळींचं. छापून आणायला व्हर्ना निघाली, तर त्यानं तिला हातानं थांबवलं आणि लोइसला हाक मारली. म्हणजे "दिवा" म्हणाला, पण लोइस आली. त्यानं मागे घ्यायच्या कळीवर बोट ठेवलं आणि दाबत राहिला.

पत्र शेवटाकडून उलगडत मागे जाऊ लागलं. पडदा कुठंही थरथरला नाही. फक्त जिथं शब्द बदलत होता, तिथंच बदलत होता. शेवटून तिसऱ्या ओळीत "तुझी आठवण येते" असं होतं. त्याच्या जागी "तुझी थंडी येते" आलं. मग "तुझा पूल येतो". मग "तुझी बोट येते". मग पुन्हा थंडी. मग नुसतं "तुझी", आणि पुढं काही नाही. एका शब्दासाठी चौदा वेळा. तो दाबत राहिला, आणि प्रत्येक वेळी काय लिहिलं होतं, काय पुसलं होतं, ते लोइससमोरून जात राहिलं.

लोइसनं चष्मा काढला आणि तो हातात धरून उभी राहिली.

"मला वाटायचं, तू नुसता बसून असतोस," ती म्हणाली.

आर्विडनं मान हलवली. मग पुढे जायची कळ दाबून सगळं पुन्हा जागेवर आणलं. थंडी गेली, पूल गेला, आठवण आली.

व्हर्नानं पत्र छापून त्याच दुपारी पोस्टात टाकलं. कारिनचा फोन पाच दिवसांनी आला. लोइसनं फोन आर्विडच्या कानाला लावला. पलीकडून ती बराच वेळ बोलत होती. हा ऐकत होता आणि मधूनमधून "हो" म्हणत होता. तोही शब्द त्याला आता चुकत नव्हता.