चांगुणाच्या कार्यक्रमाची कॅसेट

गुलाबराव इंगळे मलकापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, पण कारकून म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. ते ‘टेपवाले’ होते. चिखलीला असो, मेहकरला असो, गायन पार्टीचा कार्यक्रम म्हटला की हे पहिल्या रांगेत मांडी घालून हजर, आणि पुढ्यात मेहुण्याने मुंबईहून आणलेला टेपरेकॉर्डर. त्या दिवशी सकाळपासून सेल पत्र्यावर उन्हात तापत ठेवायचे, म्हणजे ते जास्त चालतात. कॅसेट पेन्सिलीने मागे फिरवायची, म्हणजे सेल वाचतात. आणि सुरुवातीला माइकपाशी तोंड नेऊन बोलायचं, “रेकॉर्डिंग करनार गुलाबराव इंगळे, मलकापूर.”

एकदा बटण दाबलं की मग तोंडाला कुलूप. रेकॉर्डिंग करणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, दाद द्यायची नाही, खोकला आला तर गिळायचा, हा टेपवाल्यांचा दंडकच होता. तो गुलाबरावांनीच घालून दिला असं ते सांगत. चार वर्षं त्यांच्या ओसरीवर रविवारी कॅसेट ऐकायला माणसं जमत होती, आणि वाकडं काही नव्हतं.

एकोणऐंशी साली धाडच्या शाळेतल्या निवृत्ती मास्तरांनी नवा टेपरेकॉर्डर घेतला आणि वाकडं झालं. मास्तरांच्या मशीनला वेगळा माइक होता, लांब वायरीचा. तो ते वेळूच्या काठीला बांधून गाणाऱ्याच्या समोर उभा करत. गुलाबरावांचा जिवलग मित्र शंकरराव एका रविवारी त्यांच्याच ओसरीवर बसून, त्यांचाच चहा पिऊन म्हणाला, “गुलाबराव, मास्तरच्या कॅसेटमंधी झांज कशी न्यारी आयकू येते! तुमच्यातनी सारा गलका होते ना.”

गुलाबराव हसले. आतून मात्र त्यांचा असा जळफळाट झाला की कपातला चहा संपेना. रात्री जेवताना अन्नपूर्णा, म्हणजे त्यांची बायको, सहज म्हणाली, “मास्तरची एखांदी कॅसेट आना ना तुमी. समद्या बाया आयकून राह्यल्या.” गुलाबराव अर्ध्या भाकरीवरून उठले. पुढच्या रविवारी ओसरीवर तीनच माणसं आली. त्यातलं एक शेजारी म्हणून आलं होतं.

फेब्रुवारीत धाडला विहाराच्या पायाभरणीचा कार्यक्रम झाला, भरदुपारी. गाणारी होती साखरखेर्ड्याची चांगुणा. तिशीची बाई, आवाज असा की मंडपाबाहेरचा बाजार थबकावा. स्टेजवर उभी राहिली म्हणून तिच्या आईने, भिमाबाईने, तीन वर्षं तिच्याशी बोलणं टाकलेलं होतं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

गुलाबराव तीन तास आधी जाऊन पुढे बसले, तर मास्तरांची काठी आधीच रोवलेली. वर मास्तर अदबीने म्हणाले, “या भाऊ, बसा. तुमच्यापासूनच शिकलो आमी.” हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते गुलाबरावांना जास्त झोंबलं.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि वीज गेली. भोंगे बंद पडले, मागची माणसं उठून चपला शोधू लागली. चांगुणा थांबली नाही. तशीच पुढे आली आणि वहीत नसलेलं एक कडवं तिथल्या तिथे जुळवून उघड्या आवाजात म्हणू लागली. “माय माही...” एवढं गुलाबरावांच्या कानावर आलं आणि त्यांच्या मशीनने कर्रकन आवाज केला. टेप गुंतली होती. झाकण उघडलं तर आतून तपकिरी वेटोळी बाहेर.

त्यांनी शेजारी पाहिलं. मास्तरांचं मशीनही सेलवरच होतं, त्याचा लाल दिवा शांतपणे जळत होता. म्हणजे हे कडवं जिल्ह्यात एकाच माणसाजवळ राहणार, आणि तो माणूस निवृत्ती मास्तर.

गुलाबरावांना ते सहन झालं नाही. ते सरकले, काठीला बांधलेल्या माइकजवळ तोंड नेलं आणि ओरडले, “वा! वा चांगुणाबाई! क्या बात है!” वर टाळ्या. कडवं संपेपर्यंत ते ओरडत राहिले. मास्तर हातवारे करत होते, हात जोडत होते, पण ‘गप बसा’ म्हणणार कसे? म्हटलं असतं तर तेही कॅसेटवर आलं असतं. मास्तर दंडक पाळणारे होते.

दोन महिन्यांनी चांगुणा काविळीने गेली.

मास्तरांच्या कॅसेटच्या नकला घरोघर गेल्या. गंमत अशी, की लोक गुलाबरावांना रस्त्यात थांबवून म्हणू लागले, “भाऊ, काय दाद देल्ली तुमी! दर्दी मानूस.” गुलाबराव मान हलवत. मास्तरांच्या कॅसेटवर आपला आवाज वाजतो, याची त्यांना लाज वाटण्याऐवजी बरंच वाटत होतं.

मग मास्तरांचं कार्ड आलं, रविवारी जरूर यावे. मास्तरांना आपली गरज पडली, या आनंदात गुलाबराव पहिल्या एसटीने निघाले.

मास्तरांच्या घरात भिमाबाई बसली होती. समोर टेपरेकॉर्डर. म्हातारी साखरखेर्ड्याहून आली होती, तिसऱ्यांदा.

“पेटीवाल्याले इचारलं, ढोलकीवाल्याले इचारलं,” ती म्हणाली. “समदे म्हन्तात, तुह्यावर होतं कडवं. शब्द कोनालेच याद नाई. कॅसेटीत तुहा आवाज येते. तू जवळ होतास ना बाप्पा? पोरीनं मले शिवी देल्ली का माफ केलं, येवढंच सांग.”

मास्तर खालमानेने म्हणाले, “माहं लक्ष मशीनच्या सुईकडं होतं, भाऊ. आवाज जास्त होते का ते पाहून राह्यलो होतो. तुमालेच पाठ असन.”

इतक्या वर्षांत गुलाबरावांनी शेकडो गाणी ऐकली होती. एक ओळ जुळवणं काही अवघड नव्हतं, आणि ती पकडणारं जगात कुणी नव्हतं. ओळ त्यांच्या ओठांपर्यंत आलीही. “माय माही...” ते म्हणाले. भिमाबाई दोन्ही हात जमिनीवर टेकून पुढे वाकली, तिचं तोंड उघडंच राहिलं. गुलाबरावांना पुढचं बोलवेना.

“मले नाई आयकू आलं, माय.”

“येवढा जवळ होतास, आन आयकू नाई आलं?”

“मी आयकतच नव्हतो. मास्तरची कॅसेट बिघडावी म्हून वरडून राह्यलो होतो.”

मास्तरांनी वर पाहिलं. म्हातारीने शिवी दिली नाही, की कपाळ बडवलं नाही. तिने मशीनकडे बोट केलं. “लावा मास्तर.”

“माय माही,” चांगुणा म्हणाली, आणि तिच्यावर गुलाबराव ओरडले, “वा! वा!”

“पुन्हा लावा.”

भिमाबाईने कान मशीनच्या जाळीला लावला. पुन्हा तेच. त्या वा-वाच्या खाली कुठेतरी बाईचा सूर हलत होता, पण शब्द लागत नव्हता. आपला आवाज इतका मोठा आणि इतका हलकट असेल, हे गुलाबरावांना पहिल्यांदा कळत होतं. चौथ्या वेळेला ते उठले आणि चपलांकडे वळले.

म्हातारीने कान न काढता त्यांचं धोतर धरलं.

“बस,” ती म्हणाली. “कुठं चालला? तिच्याजवळ तूच होतास.”

गुलाबराव खाली बसले. मास्तरांनी कॅसेट मागे फिरवली.