माईच्या चौथऱ्यावरचे नाव

सकाळी उठल्यावर आत्याचे पहिले काम ठरलेले. शिल्पशाळेतल्या मातीच्या पुतळ्यावरची फडकी पुन्हा ओली करायची, नाहीतर माती तडकते. मगच चहा. आता जोडीला भाची असे. आत्याच्या शिल्पकार भावाची ही थोरली लेक तिशीची होती आणि तिचा हात थेट आत्याचा होता.

चौकातली माई, म्हणजे कडेवर मूल घेतलेल्या बाईचा सिमेंटचा पुतळा, एका ट्रकच्या धडकेने कोसळली तेव्हा सारे शहर हळहळले. नवी माई त्याच घराकडून करून घ्यायची, असे आमच्या समितीने ठरवले. जुन्या चौथऱ्यावर शिल्पकाराचेच नाव होते ना. नमुना लेकीने घडवला. अर्ज मात्र तिच्या धाकट्या भावाच्या नावाने जायचा होता आणि तो तर गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवायचा. पण या घरात राबणारे हात कुणाचेही असोत, नाव पुरुषाचेच लागे.

"बाबा, या वेळी माझं नाव घाला," लेक म्हणाली.

"तू उद्या परक्या घरी जाशील. घराण्याचं नाव पुढे कोण नेणार?" शिल्पकार म्हणाला. त्याची बोटे आता थरथरत. लेकीवर त्याचा जीव होता, हेही खोटे नाही. हे बोलणे मला पुढे आत्याने सांगितले.

आम्ही समितीचे पाच जण नमुना पाहायला गेलो. अध्यक्ष धाकट्याला म्हणाले, "मान जरा बाळाकडे झुकवा." त्याने अंगठा असा रेटला की माईची हनुवटीच बसली. लेक पुढे झाली. दहा मिनिटांत तिने हनुवटी उभी केली आणि मान अशी वळवली की आमचे बोलणेच थांबले.

"भावाला किती सांभाळून घेते पोरगी," अध्यक्ष म्हणाले. "नशीबवान आहात."

कपबशा गोळा करणारी आत्या थांबली. "सगळी तिनेच केलीय. आणि मोडली ती माई मी केली होती. दादानं नुसता चौथरा बांधला होता."

अध्यक्ष हसत शिल्पकाराकडे वळले. "काय हो, खरं का?"

एवढेच तर विचारले होते. नुसते 'हो' म्हटले असते तरी भागले असते. शिल्पकार बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.

"वय झालंय तिचं," तो म्हणाला. "हल्ली काहीबाही बोलते."

आत्या कपबशा घेऊन आत गेली. धाकट्याने अर्जावर सही केली.

"मी आता हात लावणार नाही," त्या संध्याकाळी लेक म्हणाली.

"मीही असंच म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "पण बाळाचे डोळे राहिले होते. अर्धवट टाकवेना."

लेकीलाही टाकवले नाही.

अनावरणाला गर्दी लोटली. धाकट्याने कुणीतरी लिहून दिलेले भाषण वाचले. त्या दोघी मागे, दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. पडदा सरकला आणि कित्येकांचे डोळे भरून आले, इतकी ती माई जिवंत होती. चौथऱ्यावर धाकट्याचे नाव कोरले होते.

त्या दिवशी शिल्पशाळेत मी अध्यक्षांच्या शेजारीच उभा होतो. लेकीचे हात मी पाहिले होते आणि आत्याचे बोलणे ऐकले होते. मी तेव्हा काही बोललो नाही. अनावरणाच्या दिवशी टाळ्या मात्र वाजवल्या.